हरवलात तर मारुतीपाशी

आमच्या घरात हरवण्याबाबत एकच नियम होता. जो हरवेल त्याने गंगेवर जायचं, दुतोंड्या मारुतीपाशी उभं राहायचं आणि हलायचं नाही. बाकीचे येऊन त्याला घेऊन जातील. नियम माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी केला होता आणि अण्णांच्या नियमांना मुदत नसायची.

नाशिककरांना हा मारुती सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या पात्रात, ऐन पाण्याच्या वाटेत, दोन तोंडांचा एक उंचच उंच मारुती उभा आहे. पूर आला की अख्खं गाव त्याच्याकडे बघतं. पाणी गुडघ्याला आलं की लोक छत्री घेऊन बघायला जातात, कमरेला आलं की पोरांना घेऊन जातात आणि छातीला आलं की खालच्या दुकानांतला माल वर चढायला लागतो. अण्णा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं हे बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यामुळे पाणी आणि मारुती या दोनच गोष्टी त्यांना खात्रीच्या वाटत.

मी या नियमाचा एकदा लाभ घेतला होता. एक्क्याण्णवच्या सिंहस्थात मी हरवलो. वय चौदा. या वयात हरवणं तसं लाजिरवाणंच, पण नियम म्हणजे नियम. साडेतीन तास मारुतीपाशी उभा राहिलो. पायाखाली कुजका झेंडू, चहूबाजूंनी ओले लंगोट. एका साधूने माझ्या पायावर चूळ टाकली आणि मग आशीर्वाद दिला. अण्णा आले तेव्हा त्यांच्या मिशीला मिसळीची तर्री लागलेली होती.

"हाय ना इथंच?" म्हणाले. "चल."

म्हणजे मी तिथे उभा असताना हा माणूस मिसळ खात होता. जादा पाव मागवून. त्या दिवसापासून मला त्या नियमाची शिसारी आली ती आलीच.

नव्याण्णव साली अण्णा रिटायर झाले आणि त्यांनी जाहीर केलं की आपण युरोपला जायचं. सिन्नरच्या पुढे कधी हौसेने न गेलेल्या माणसाने हे का ठरवलं, ते त्यांनी सांगितलं नाही. आई म्हणाली, "जाऊ या की. त्यांना कुठं जावंसं वाटलं हेच लय झालं." मी बी.कॉम. होऊन इंदिरानगरच्या घरात पंख्याखाली पडून असायचो. मला कुणी विचारलंच नाही. सामान उचलायला माणूस लागतो.

ग्रुपमध्ये आम्ही बारा जण आणि तेरावा टूर मॅनेजर रियाज. रियाज जुन्या नाशकातला, पंचवीस-सव्वीसचा, हातात पिवळा झेंडा. आत्मविश्वास इतका की मला पहिल्याच दिवशी संशय आला. विमानात त्याला एकटं गाठून विचारलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "भाई, मेरा भी पहला टाइम है. पण कुणाला बोलू नको, लोक घाबरतात." मी कुणाला बोललो नाही. एकटाच घाबरलो.

पॅरिस.

पॅरिसबद्दल लोक पुष्कळ काही सांगतात, पण कुत्र्यांबद्दल कुणी सांगत नाही. या शहरात प्रत्येक बाईकडे एक कुत्रं होतं आणि प्रत्येक कुत्र्याला फुटपाथ आपल्या बापाचा वाटत होता. आपल्याकडे गाय रस्त्यात शेण टाकते. त्याला निदान गिऱ्हाईक असतं. इथे इतक्या सुंदर इमारती, गच्च्यांवर फुलं, खाली बघावं तर हे. लोक वर बघत फोटो काढत होते. मी चार दिवस पॅरिस पाहिलं ते खाली मान घालून. मला विचाराल तर पॅरिस राखाडी रंगाचं आहे, मधे मधे तपकिरी.

हॉटेलचं तर विचारूच नका. बाथरूम मजल्यावर एक, ते सगळ्यांचं. नळाच्या जाळीत कुणाचा तरी सोनेरी केस होता, तो चारही दिवस होता. शेवटी शेवटी मला त्याची सवय झाली आणि याचीच जास्त किळस वाटली. बसमध्ये वेगळंच. मोहिनीकाकू, गंगापूर रोडच्या, यांनी सोबत लसणाची चटणी आणली होती. त्या ती दर तासाला उघडून "खराब नाही ना झाली" म्हणून हुंगायच्या. बाहेर युरोप, आत लसूण. आमचा ड्रायव्हर, सहा फुटी गोरा माणूस, पहिल्या दिवशी हसायचा. तिसऱ्या दिवशी तो खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता.

चौथ्या दिवशी सकाळी हा ड्रायव्हर म्हणाला की त्याच्या विश्रांतीचे तास सुरू झाले. तिकडे तसा कायदाच आहे. आता तो साडेतीनला उठेल, बरोबर चारला टॉवरपासून बस निघेल, रात्री स्वित्झर्लंड. तोपर्यंत आम्ही हवं ते करावं.

रियाजने झेंडा वर केला. "आपण मेट्रोने जाऊ. एकदम सोपं आहे. हरवलात तर थेट आयफेल टॉवरच्या पायाशी यायचं."

अण्णा पुढच्या सीटवरून वळले. "टॉवर कशाला? हरवलं की नदीवर जायचं. मारुतीपाशी."

बसमध्ये हशा झाला. मी खिडकीबाहेर बघितलं आणि आपण या गृहस्थांना ओळखत नाही असा चेहरा केला. पण नाक त्यांचंच आहे, त्यामुळे जमत नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हॉटेल सोडताना रियाजने तेराही पासपोर्ट अण्णांकडे दिले होते. तीस वर्षं सरकारी नोकरी, म्हणजे जबाबदार माणूस. शिवाय अण्णांच्या बनियनला आईने आतून चोरखिसा शिवला होता. तेरा जणांची नागरिकत्वं अण्णांच्या पोटाला चिकटून प्रवास करत होती.

मेट्रोत उतरलो. जिन्यातच तो वास आला. लघवी, रबर आणि त्यावर अत्तर, या क्रमाने. लोक एकमेकांना चिकटून उभे राहून मुके घेत होते. आई माझ्याकडे बघत नव्हती, मी आईकडे बघत नव्हतो, अण्णा छताला लावलेला नकाशा वाचत होते. ज्या स्टेशनात गाडी बदलायची होती त्याला एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचं नाव होतं. यांची स्वतःची नावं संपली असावीत.

स्टेशन आलं. इथे काय झालं ते नीट सांगतो, कारण पुढे पोलिसांनाही सांगावं लागलं.

अण्णांची पद्धत अशी की एसटी असो की लग्नाचा ट्रक, आधी सगळ्यांना उतरवायचं, डोकी मोजायची आणि आपण शेवटी उतरायचं. ते दारात उभे राहिले. आम्ही उतरलो. अण्णांनी बोटाने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. बारा व्हायला पाहिजे होते, अकराच झाले, कारण मोहिनीकाकू खांबाआड जाऊन चप्पल घासत होत्या. पॅरिसने त्यांना वरच गाठलं होतं. अण्णा म्हणाले, "थांबा, एक कमी हाय," आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. एसटीचा कंडक्टर थांबतो. पॅरिसची मेट्रो मोजणी पूर्ण होईस्तोवर थांबत नाही. भोंगा वाजला, दार लागलं. काचेपलीकडे अण्णांचं बोट सातव्यावर होतं. गाडी हलली तरी ते मोजतच होते. बोगद्यात शिरता शिरता त्यांना काकू दिसल्या असाव्यात, कारण त्यांचा चेहरा एकदम समाधानी झाला.

आणि अण्णा गेले. खिशात तेरा पासपोर्ट, पिशवीत चिवड्याचा डबा, भाषा मराठी.

"पुढच्या स्टेशनात उतरून परत येतील," रियाज म्हणाला. आम्ही त्या वासात पाऊण तास उभे राहिलो. रियाज पुढच्या स्टेशनात जाऊन आला, त्याच्या पुढच्याही. अण्णा नव्हते.

"मग टॉवरला येतील. मी सांगितलं होतं ना."

टॉवरला गेलो. टॉवरला चार पाय असतात, आणि कोणत्या पायाशी यायचं हे रियाजने सांगितलं नव्हतं. त्याचाही पहिला टाइम. मग चार पायांशी चार माणसं उभी केली. काकूंना सावलीचा पाय हवा होता. सावली सरकली तशा त्याही सरकत गेल्या आणि आता त्या कोणत्या पायाच्या हे कुणाला सांगता येईना. एक वाजला. दीड वाजला. चार वाजता बस जाणार होती, पण तेव्हा मला बसचं काही वाटत नव्हतं. साठीचा माणूस, एका अनोळखी शहराच्या पोटात, आणि मी सकाळी त्याला ओळख दाखवली नव्हती.

मी आणि रियाज पोलिसाकडे गेलो. पोलीस इंग्रजी बोलत होता, जणू इंग्रजीचा त्याला वास येतो अशा तोंडाने.

"हरवलेल्या माणसाचं वर्णन?"

"पाच फूट चार. पांढरा शर्ट, आत बनियन. बनियनमध्ये तेरा पासपोर्ट."

त्याने लिहिणं थांबवलं. "तुमचा पासपोर्ट दाखवा."

"तो वडिलांकडे आहे."

"वडील कुठे आहेत?"

"तेच विचारायला आलोय."

"पासपोर्ट नसेल तर तक्रार घेता येणार नाही."

"वडील सापडले की पासपोर्ट देतो."

"मग तक्रार कशाला?"

तो हसलाही नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला हा माणूस आवडला असता.

परत आलो तर आई टॉवरच्या पायाशी दगडावर बसून दशम्या सोडत होती. आजूबाजूला जगभरचे प्रवासी, मधे नऊवारीवर स्वेटर घातलेली माझी आई, फडक्यात दशमी.

"आई, तू खातेस काय! अण्णा हरवलेत."

"अरे, ते कशाला हरवतील? हरवलोय आपण." तिने माझ्या हातात दशमी ठेवली. "ते मारुतीपाशी असतील."

"आई, पॅरिसला मारुती नाही."

"नदी हाय का?"

"नदी आहे."

"मग?"

"मग काय? नदी आहे म्हणून मारुती असतो का?"

"ते मला नको सांगू. या टॉवरखाली ते येणार नाय. टॉवर काय नियमात नव्हता. तुझ्या रियाजने केलेला तो नियम. तुझ्या बापानं तीस वर्षांत दुसऱ्याचा नियम पाळलाय का कधी?"

रियाज झेंडा खाली करून नुसता उभा होता आणि पहिल्यांदा पंचवीस-सव्वीसचा दिसत होता.

नदी समोरच होती. वर जायचं की खाली, एवढाच प्रश्न. आई म्हणाली, वर. का, तर अण्णा पुराच्या दिवसांत नेहमी वरच्या अंगाला बघतात. पाणी तिकडून येतं. काकूंना आणि बाकीच्यांना टॉवरपाशी ठेवून आम्ही तिघं निघालो. काठाने चाललो. कडेला कुत्री, अर्थातच. पाणी हिरवट काळं, वर एक मेलेलं कबूतर आणि शँपेनची बाटली शेजारी शेजारी वाहत चालली होती. मी प्रत्येक बाकड्याकडे बघत होतो आणि प्रत्येक बाकड्यावर कुणीतरी मुके घेत होतं. एक पायी जायचा पूल गेला. मग एक रुंद पूल आला.

आई थांबली. "तो बघ."

मला आधी अण्णा दिसले नाहीत. मला मारुती दिसला.

म्हणजे मारुती नव्हता. पुलाच्या खांबाला पाठ लावून, पाण्याच्या जरा वर, एक दगडी शिपाई उभा होता. तिप्पट माणसाएवढा. फुगीर सलवार, गोंड्याची टोपी, हनुवटीवर दाढी, एक हात कमरेवर. खांद्यांवर कबुतरांनी वर्षानुवर्षं घातलेला अभिषेक वाळून पांढरा झाला होता. तोंड एकच होतं.

आणि त्याच्यासमोर, घाटाच्या पायरीवर, बूट-मोजे काढून, पाय पसरून अण्णा बसले होते. शेजारी एक म्हातारा फ्रेंच माणूस गळ टाकून बसला होता. दोघांच्या मधे दोन डबे. एकात चिवडा, दुसऱ्यात जिवंत पांढऱ्या अळ्या. म्हातारा अळी उचलून गळाला लावायचा आणि त्याच बोटांनी चिवडा घ्यायचा. मग अण्णा त्याच डब्यातून चिवडा घ्यायचे. मी हे तीन वेळा पाहिलं. चौथ्या वेळी मी झाडामागे गेलो.

परत आलो तेव्हा अण्णा चिडलेले होते.

"किती वाजले? तीन वाजायला आले! दोन तास झाले मी बसलोय. नियम माहीत नाय का तुम्हाला?"

"अण्णा, तुम्ही इथे आलात कसे?"

"कसे म्हणजे? वर आलो तर रस्त्याच्या कडेनं पाणी वाहत होतं. हे लोक गटारं पाण्यानं धुतात. चांगली पद्धत हाय, पण बांध घालायची अक्कल नाय. चिंध्यांची वळकटी करून टाकलेली, निम्मं पाणी भलतीकडं चाललेलं. दोन ठिकाणी मी सरळ करून दिली."

"हाताने?"

"मग काय पायानं?"

मी चिवड्याच्या डब्याकडे बघितलं. अळ्यांची बाजू आता मला तितकीशी वाईट वाटेना.

"मग उताराच्या मागं मागं आलो," अण्णा म्हणाले. "पाणी कुठं जातं? उताराला. उतार कुठं जातो? नदीला. कुणाला एक अक्षर विचारलं नाय."

रियाजच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, बहुतेक पासपोर्टच्या आनंदाने. तो म्हणाला, "पण अंकल, इथे हा पुतळा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? मलासुद्धा माहीत नव्हतं."

"सांगायचं काय त्यात?" अण्णांना प्रश्नच कळेना. "नदी हाय म्हणजे कुणीतरी पाण्यात उभा असणारच. नायतर पूर कुठवर आला ते गावाला कळायचं कसं? पहिल्या पुलापाशी नव्हता. दुसऱ्याला सापडला." त्यांनी म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "ह्याला विचार."

म्हाताऱ्याने शिपायाकडे मान केली, अळीचा हात आपल्या खांद्याला लावून दाखवला आणि जमिनीवर खडूच्या दगडाने लिहिलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. १९१०. त्याच्याशेजारी अण्णांच्या अक्षरात १९६९ लिहिलेलं होतं. अण्णांनी तळहात डोक्याच्या वर धरला आणि म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने मान झुकवली. आमचा पूर मोठा होता हे फ्रान्सने मान्य केलं होतं.

आई जोडे उचलून त्यांच्या पायाशी ठेवत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, अण्णांकडेही नाही, त्या शिपायाकडे बघत विचारलं, "आणि आम्ही आलोच नसतो तर?"

"का नसता आला?"

"पॅरिसला मारुती नाही असं वाटून."

अण्णांनी मोजा उलटा करून झटकला. "एक्क्याण्णवला तू मारुतीपाशी हाय हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी आधी मिसळ खाल्ली. तू जाग्यावर नसशील असं वाटलं असतं तर घास उतरला असता का?" मोजा चढवून झाला. "आज मी चिवडा खाल्ला. चल, हात दे. गुडघा आखडलाय."

मी हात दिला. त्यांचा हात गटाराचा, चिवड्याचा आणि एका अनोळखी फ्रेंच अळीचा होता. तो मी टॉवर येईपर्यंत धरून ठेवला. मला आजही कळत नाही की मी तो का सोडला नाही. बहुतेक चिकटला असावा.

चारला चार मिनिटं असताना आम्ही बसपाशी पोचलो. अण्णांनी दारात उभं राहून सगळ्यांना आधी चढवलं आणि मोजलं. काकू लपल्या नव्हत्या. ड्रायव्हर घड्याळाकडे बघत राहिला, पण अण्णा चढल्याशिवाय त्याने दार लावलं नाही. मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

रात्री सीमेवर स्विस पोलीस बसमध्ये चढला. "पासपोर्ट."

अण्णांनी शर्टाची बटणं काढली, बनियनमध्ये हात घातला आणि तेरा पासपोर्टांचा एकच गठ्ठा बाहेर काढला. दिवसभराच्या घामाने ते एकजीव झाले होते. गठ्ठा कोमट होता. त्यातून किंचित वाफ निघत होती, किंवा मला तसं वाटलं. त्या माणसाने तो दोन बोटांनी धरला आणि एकेक पासपोर्ट सोलायला सुरुवात केली. माझा फोटो मोहिनीकाकूंच्या पानाला चिकटून आला होता. तो त्याने नखाने सोडवला, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. मग खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, सावकाश, पाचही.

संबंध युरोपात मला समजून घेणारा तो एकच माणूस भेटला.

"चिवडा?" अण्णांनी त्याला विचारलं आणि डबा पुढे केला.